उघड्या तारेची कुळकथा

वेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, टाकीत बसणारी कॉइल बोटाच्या पेराएवढी असते. धातूची एक पोकळ नळी, तिच्या अंगाला द्रव आत येण्यासाठी दोन-चार भोके, आत तारेचे वेटोळे किंवा बारीक जाळी आणि तिला बाहेरून गुंडाळलेला कापूस. कुणाची ती आठवडाभर चालते, कुणाची त्याहून जास्त. मग चव करपट लागू लागते आणि ती फेकून नवी बसवली जाते. यावरून तार झिजते, जळते, म्हणून कॉइल बदलावी लागते असा सर्वसाधारण समज झाला आहे. त्या तारेचे कूळ तपासले तर हा समज टिकत नाही. ही तार मुळात न जळण्यासाठीच जन्माला आली होती. ती कोरड्या हवेत तापवण्यासाठी घडवलेली होती आणि नंतर तिला उघडीच द्रवात बसवले गेले. कॉइल निवडण्याचे आणि सांभाळण्याचे जे काही शास्त्र आज सांगितले जाते, ते सगळे या एका बदलाची भरपाई आहे.

तारेतून वीज गेली की ती तापते आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४०च्या दशकातच दाखवून दिले होते. अडचण होती ती धातूची. लोखंडाची तार हवेत लाल होईपर्यंत तापवली की तिच्यावर खपली धरते, खपली गळते, खाली पुन्हा नवी धरते आणि तार बारीक होत तुटते. प्लॅटिनम टिकते, पण ते परवडणार कुणाला? एडिसनने दिव्यापुरता प्रश्न सोडवला तो काचेच्या फुग्यातली हवाच काढून टाकून; पोळी भाजायला किंवा कपड्याला इस्त्री करायला तो मार्ग उपयोगाचा नव्हता. उत्तर मिळाले शिकागोत. अल्बर्ट मार्श यांनी साधारण चार भाग निकेल आणि एक भाग क्रोमियम यांचा मिश्रधातू केला आणि ६ फेब्रुवारी १९०६ रोजी त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. हाच पुढे नायक्रोम म्हणून घरोघरी पोहोचला. त्याची करामत अशी, की पहिल्यांदा तापताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच थर खालच्या धातूला हवेपासून वाचवतो. वीस वर्षांनी, १९२६च्या सुमारास, स्वीडनमधल्या हालस्टाहामार गावी हान्स फॉन कान्ट्सोव यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला. तो कँथल. त्यात निकेल नाही, संरक्षक थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. नायक्रोम सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत काम करतो, तर कँथलचे उत्तम प्रकार १४०० अंशांपर्यंत. दोन्ही तारांचे बळ हवेशी संगनमत करण्यात आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

पाणी तापवायची वेळ आली तेव्हा अभियंत्यांनी ही तार पाण्यात सहसा उघडी सोडली नाही. गीझरमधला किंवा बादलीत टाकायचा रॉड कापून पाहिला तर मधोमध नायक्रोमचे वेटोळे, त्याच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि बाहेर धातूची नळी दिसते. तार तापते, पण पाण्याला शिवत नाही. उलट जुन्या विजेच्या शेगडीत तार मातीच्या खाचेत उघडी असते. तिच्यावर दूध उतू गेले की त्या जागी काळा थर चिकटतो, वेटोळ्याचा तेवढाच भाग जास्त तापतो आणि एक दिवस तार तिथेच तुटते. वेपची कॉइल म्हणजे रोज, दर झुरक्याला, दूध उतू जाणारी शेगडी आहे.

ही तार सिगारेटच्या कुळात आली ती उशिरा. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये तंबाखूविना, धुराविना सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ मध्ये पेटंट मिळाले, पण वस्तू बाजारात रुजली नाही. २००३ मध्ये चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी जी रचना मांडली, तिच्यात द्रवाचे तुषार करायला अल्ट्रासाउंडने कंप पावणारा भाग कल्पिला होता. तापल्या तारेने पुढे त्याची जागा घेतली, कारण ती स्वस्त, लहान आणि चटकन तापणारी. द्रव तारेपर्यंत आणायला आधी पॉलिस्टरचा बोळा, मग सिलिकाचा दोरा, मग कापूस आला. द्रवातले प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९०ला. म्हणजे कापसाची ही वात ओली असेपर्यंत तारेचे तापमान या आकड्यांच्या आसपासच अडते. हजार अंश सोसणाऱ्या धातूला हे काहीच नाही. जळतो तो कापूस, आणि करपून चिकटतात ते द्रवातले गोडवे आणि स्वादद्रव्ये.

एवढे कळले की निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कॉइलवर ओम आणि वॉट छापलेले असतात, ते वातीची मर्यादा सांगतात. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. थेट जोडली तर १.८ ओमच्या कॉइलला सुमारे १० वॉट मिळतात, ०.५ ओमच्या कॉइलला ३५ वॉट. दुसरीत वाफ भरपूर, पण कापसाने द्रव त्याच वेगाने ओढला पाहिजे. ग्लिसरीन जास्त असलेला दाट द्रव लहान भोकांच्या कॉइलमध्ये म्हणूनच चालत नाही. नवी कॉइल बसवताना कापसावर द्रवाचे थेंब सोडायचे, टाकी भरून पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि कमी वॉटपासून सुरुवात करायची. हे सगळे तारेसाठी नसून वातीसाठी आहे.

यावर आक्षेप येतो, की कॉइल मुद्दाम कमी टिकाऊ केली जाते, म्हणजे खप वाढतो. यात अर्धे तथ्य आहे. स्वतः वेटोळे बांधणारे लोक जुना कापूस काढतात, कँथलची तार कोरडीच तापवून काजळी झटकतात, पाण्याने धुतात आणि त्याच तारेवर नवा कापूस चढवतात. तार शाबूत राहते याचा याहून चांगला पुरावा नाही. बंद कॉइलमध्ये कापसासोबत चांगली तारही फेकली जाते. तो सोयीचा आणि व्यापाराचा भाग. पण कापूस मात्र दोन्हीकडे बदलावाच लागतो. दुसरा आक्षेप असा, की तापमानावर नजर ठेवणारी यंत्रे आली, आता प्रश्न उरला कुठे? २०१४च्या सुमारास आलेली ही यंत्रे तारेचा रोध मोजून तापमान ओळखतात. पण कँथलचा रोध हजार अंशांपर्यंत जेमतेम चार टक्के बदलतो. भट्टीसाठी जो गुण, तोच इथे दोष ठरला. म्हणून निकेल आणि टायटॅनियमच्या तारा आल्या, मग स्टीलच्या. त्यांतल्या निकेल आणि टायटॅनियमच्या तारांना कोरडे तापवून साफ करणे योग्य नाही, म्हणून तार कशाची आहे हे आधी पाहावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज वेप करणाऱ्या ५६ जणांची उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अल्प होते. टाकीतल्या द्रवात आणि वाफेत क्रोमियम, निकेल, शिसे यांचे प्रमाण बरेच जास्त होते. मग तार शाबूत कशी म्हणायची? तार तुटत नाही, पण ती द्रवात काहीच सोडत नाही असे मात्र नाही. आणि शिसे तर या मिश्रधातूंचा घटकच नाही, तेव्हा बाकीचे सुटे भागही संशयात येतात. याच अभ्यासात कॉइल वारंवार बदलणाऱ्यांच्या वाफेत धातू जास्त आढळले. नवी कॉइल धातू सहज सोडत असावी, असा संशोधकांचा कयास. म्हणजे कॉइल वेळेवर बदलणे हा करपण्यावरचा उपाय आहे, धातूवरचा नाही. सच्छिद्र सिरॅमिकमध्ये तार बसवलेल्या कॉइलही निघाल्या, पण सच्छिद्र म्हटले की द्रव आत येणारच.

जास्त वीज दिली तर काय होते, हेही मोजले गेले आहे. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळत नाहीत, ५ व्होल्टला आढळतात. इतक्या करपट वाफेचा झुरका कुणी घेणारच नाही, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्त होती. पण त्या टीकेनेही मान्यच केले, की वात कोरडी पडली की रसायन बदलते.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण बंद आहे. तरीही हे कूळ जाणून घेणे गरजेचे आहे, कारण परदेशात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले ही वस्तू वापरतात आणि चांगली कॉइल, नीट निगा म्हणजे धोका संपला असे त्यांना वाटू शकते. निगा राखल्याने करपणे टळते, एवढे तिचे श्रेय तिला द्यावे. मात्र गीझरमध्ये पाण्यासाठी जे आवरण आपण आवश्यक मानले, ते फुफ्फुसात जाणाऱ्या वाफेसाठी अनावश्यक कसे, या प्रश्नाला कोणत्याही कॉइलच्या पाकिटावर उत्तर नाही.