डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याने निसर्गदृश्ये कशी टिपावीत?

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्सवर झाकण तसेच राहिले, तरी व्ह्यूफाइंडरमधून समोरचा डोंगर स्वच्छ दिसत राहतो. नवख्या माणसाची ही ठरलेली चूक आहे. तिचे कारण समजले की या कॅमेऱ्याचे बरेचसे गुणदोषही समजतात. आपण एका खिडकीतून पाहतो आणि कॅमेरा दुसरीतून, म्हणजे लेन्समधून, पाहतो. रस्त्यावरच्या झटपट फोटोंसाठी हा कॅमेरा प्रसिद्ध आहे. मात्र डोंगर, दऱ्या, समुद्र, पठारे टिपण्यासाठी तो कितपत उपयोगी पडतो, आणि त्यासाठी सवयी कशा बदलाव्या लागतात, ते या लेखात पाहू.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजणारी यंत्रणा. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एकमेकींपासून काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपल्याला सगळे दृश्य दिसते. दुसरीतून येणारी प्रतिमा आत वळवून व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एका उजळ चौकोनात दाखवली जाते. फोकस जुळलेला नसेल तर त्या चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. लेन्सची फोकस रिंग फिरवली की दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला. जमीन मोजणारे ज्या त्रिकोणमितीने लांबच्या खुणेचे अंतर काढतात, तीच इथे छोट्या प्रमाणावर वापरलेली असते.

लायकाचा पहिला ३५ मिमी कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या लायका २ मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रुप एफ/६४' स्थापन केला. मोठ्या आकाराचे कॅमेरे, ट्रायपॉड आणि पुढून मागपर्यंत सगळे काटेकोर स्पष्ट, अशी त्यांची पद्धत होती. निसर्गचित्रणाची परंपरा बरीचशी या वाटेने गेली आणि रेंजफाइंडर शहरांकडे आणि माणसांकडे वळला. १९५४ च्या लायका एम३ मध्ये फोकस आणि चौकट एकाच खिडकीत आली. आजचे बहुतेक एम कॅमेरे त्याच घडणीचे आहेत.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर मात्र लायकाचा नव्हता. २००४ मध्ये एप्सनने सुमारे ६ मेगापिक्सेलचा आर-डी१ आणला. त्यानंतर २००६ मध्ये लायका एम८ आणि २००९ मध्ये पूर्ण फ्रेमचा, १८ मेगापिक्सेलचा एम९ आला. पुढच्या एम (टाइप २४०) मध्ये लाइव्ह व्ह्यूची सोय झाली. २०२२ चा एम११ हा ६० मेगापिक्सेलचा आहे. फ्रान्सची पिक्सी ही छोटी कंपनीही असे कॅमेरे बनवते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फुजीफिल्मचे एक्स१०० किंवा एक्स-प्रो मालिकेतले कॅमेरे दिसायला असेच असतात, पण त्यांचा फोकस सेन्सरवरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतो. ते उत्तम कॅमेरे आहेत, पण रेंजफाइंडर नाहीत.

निसर्गचित्रणात फायदा काय?

पहिला फायदा वजनाचा. काळ्या रंगाच्या एम११ च्या बॉडीचे वजन सुमारे ५३० ग्रॅम आहे. २८ किंवा ३५ मिमीच्या लहान लेन्सची भर पडली तरी सगळा संच एका छोट्या पिशवीत मावतो. चार तासांची चढण असेल तर हा फरक खांद्याला नक्की जाणवतो.

दुसरा फायदा दिसण्याचा. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोची चौकट उजळ रेषांनी दाखवलेली असते आणि तिच्या बाहेरचेही दिसते. ढगाची सावली कड्यावर सरकत येत असेल, तर ती चौकटीत शिरण्याआधीच कळते.

तिसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. धबधब्याचे पाणी मलमली दिसावे म्हणून गडद एनडी फिल्टर लावला, तर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी असल्याने दृश्य पहिल्याइतकेच उजळ राहते.

फोकस: मोजपट्टी वाचायला शिका

निसर्गदृश्यात बहुतेक वेळा समोरच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते. अशा वेळी सरळ अनंतावर फोकस केला तर पुढचा भाग धूसर राहू शकतो. त्याऐवजी 'हायपरफोकल' अंतर वापरतात. या अंतरावर फोकस ठेवला, की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यासाठी फिल्मच्या काळापासून चालत आलेल्या निकषाने ही अंतरे अशी येतात:

- २८ मिमी, एफ/८: फोकस ३.३ मीटरवर, स्पष्टता सुमारे १.७ मीटरपासून
- २८ मिमी, एफ/११: फोकस २.४ मीटरवर, स्पष्टता १.२ मीटरपासून
- ३५ मिमी, एफ/८: फोकस ५.१ मीटरवर, स्पष्टता २.६ मीटरपासून
- ३५ मिमी, एफ/११: फोकस ३.७ मीटरवर, स्पष्टता १.९ मीटरपासून
- ५० मिमी, एफ/८: फोकस १०.५ मीटरवर, स्पष्टता ५.२ मीटरपासून

हे आकडे पाठ करायची गरज नाही. रेंजफाइंडरच्या लेन्सवर अंतराची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अपर्चरचे आकडे कोरलेले असतात. अनंताची खूण वापरत असलेल्या अपर्चरच्या आकड्यासमोर आणली की काम झाले.

पण एक सावधगिरी हवी. या खुणा मध्यम आकाराचा छापील फोटो डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. ६० मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला, की दूरचा डोंगर किंचित मऊ वाटतो. म्हणून दोन स्टॉप कडक राहावे. अपर्चर एफ/११ ठेवले असेल, तर अनंताची खूण एफ/५.६ च्या आकड्यासमोर ठेवावी. एफ/१६ च्या पुढे जाणे शक्यतो टाळावे, कारण छिद्र फार लहान झाले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळ्याच फोटोची धार कमी होते.

रेंजफाइंडरची जुळणी नीट आहे का, हे अधूनमधून तपासावे. लेन्स अनंतावर ठेवून काही किलोमीटर दूरचा मनोरा किंवा रात्री चंद्र पाहा. दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकमेकींवर बसायला हव्यात. बसत नसतील तर आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये किंवा फोटो मोठा करून लेन्सचा फोकस पाहा. तो बरोबर असेल तर कॅमेऱ्याच्या जुळणीत चूक आहे आणि ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.

चौकट: कडांवर विश्वास ठेवू नका

निसर्गचित्रणात या कॅमेऱ्याची मोठी अडचण चौकटीची आहे. चौकटीच्या रेषा एका ठरावीक अंतरासाठी आखलेल्या असतात. एम९ मध्ये हे अंतर १ मीटर आहे, नंतरच्या मॉडेलमध्ये २ मीटर. दूरचे दृश्य टिपताना प्रत्यक्ष फोटोत रेषांपेक्षा थोडे जास्तच येते. व्ह्यूफाइंडरमध्ये कडेला नेमकी वगळलेली फांदी किंवा विजेची तार फोटोत हजर होते, ती यामुळे. फोटो काढल्यावर चारही कडा पडद्यावर पाहण्याची सवय लावावी.

रेषाही साधारण २८ ते १३५ मिमीपर्यंतच्याच असतात. २१ किंवा १८ मिमीची लेन्स लावली तर वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो किंवा लाइव्ह व्ह्यू वापरावा लागतो. १३५ मिमीच्या पुढच्या लेन्सशी रेंजफाइंडर जुळवून घेत नाही. मोठी लेन्स किंवा हूड असेल तर व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो, आणि निसर्गदृश्यात पुढचा दगड किंवा फूल नेमके तिथे असू शकते.

जुन्या वाइड लेन्सचा आणखी एक त्रास आहे. त्यांचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ येतो आणि कडांवर प्रकाश तिरका पडतो. त्यामुळे कोपरे काळवंडतात आणि कधी डाव्या-उजव्या कडेला तांबूस किंवा हिरवट छटा येते. लेन्सच्या माउंटवरील सहा ठिपक्यांच्या सांकेतिक खुणेवरून कॅमेरा लेन्स ओळखतो आणि हा दोष बराचसा सुधारतो. खूण नसेल तर मेन्यूत लेन्सचे नाव हाताने निवडता येते.

फिल्टर आणि प्रकाश

पोलरायझर फिरवताना आकाश किती गडद झाले, हे वेगळ्या खिडकीतून दिसत नाही. लाइव्ह व्ह्यू असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर फिल्टर आधी डोळ्यासमोर धरा, बाहेरची बाजू दृश्याकडे ठेवून फिरवा, हवा तो परिणाम दिसला की कडेवरची कोणती खूण वर आहे ते लक्षात ठेवा. मग फिल्टर लेन्सवर बसवून तीच खूण वर आणा. फार वाइड लेन्सवर पोलरायझर टाळलेला बरा, कारण आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचा फिका दिसतो. अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लाइव्ह व्ह्यूशिवाय नेमका बसवणे कठीण आहे.

एम१० पर्यंतच्या मॉडेलमध्ये नेहमीची प्रकाशमोजणी शटरच्या पडद्यावरून परतणाऱ्या उजेडावर होते आणि मधल्या भागाला जास्त महत्त्व देते. चौकटीत आकाश बरेच असेल तर जमीन काळोखी येते. कॅमेरा आधी जमिनीकडे झुकवून प्रकाश मोजावा, शटर बटण अर्धे दाबून तो धरून ठेवावा आणि मग चौकट जुळवावी. त्यानंतर हिस्टोग्राम पाहावा. ढगांचे तपशील एकदा पांढरे पडले की परत मिळत नाहीत, सावलीतले मात्र रॉ फाइलमधून बरेच काढता येतात.

ट्रायपॉड, पाऊस आणि धुके

एम१० पर्यंतच्या कॅमेऱ्यांत बॅटरी आणि कार्ड तळाच्या पत्र्याखाली असते. ते बदलायचे तर कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवावा लागतो. पहाटेच्या रंगांचा खेळ पाच-दहा मिनिटांचाच असतो, म्हणून भरलेली बॅटरी आणि रिकामे कार्ड आधीच घालून ठेवावे. एम११ मध्ये तळाचा पत्रा नाही आणि ६४ जीबीची अंतर्गत साठवण आहे.

सह्याद्रीत पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे: एम माउंटच्या लेन्सना पाणी रोखणारी सील नसते. आडव्या पावसात आणि कड्यावरून उलट्या येणाऱ्या तुषारांत हा कॅमेरा बाहेर काढणे जोखमीचे आहे. छत्री, कोरडा पंचा आणि सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. घरी आल्यावर लेन्स बंद कपाटात ठेवू नये, नाहीतर बुरशी धरते. दाट धुक्यात रेंजफाइंडरला जुळवायला ठळक रेषाच मिळत नाही, तेव्हा अंतराची पट्टी हाच आधार.

जुना कॅमेरा घेताना

नवी बॉडीच काही लाखांची असल्याने अनेकजण वापरलेला कॅमेरा शोधतात. एम८ चा सेन्सर अवरक्त प्रकाशाला जास्त संवेदनशील आहे. त्यामुळे काळे कृत्रिम कापड जांभळट दिसते आणि पानांचा हिरवा रंगही बिघडतो. त्यावर लेन्सला खास यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागतो. एम९ मध्ये सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष आढळला होता. घेण्याआधी एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहा. फिकट कडा असलेले गोल डाग दिसले तर व्यवहार करू नका. सेन्सर बदललेला असल्यास त्याचा कागद मागा.

मग घ्यावा की नाही?

पक्षी, प्राणी, लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेली शिखरे, सतत पाऊस आणि ग्रॅज्युएटेड फिल्टरचे काम हे तुमचे आवडते प्रकार असतील, तर त्याच पैशात साधा मिररलेस कॅमेरा आणि दोन-तीन चांगल्या लेन्स जास्त उपयोगी पडतील. चालत फिरणारे, एक-दोन लेन्सवर समाधानी असणारे आणि फोकस स्वतः ठरवायला आवडणारे असाल, तर रेंजफाइंडरचा विचार करावा.

निर्णयाआधी एक चाचणी फुकट करता येते. हातातल्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीच्या दृश्यकोनाची लेन्स लावा, ऑटोफोकस बंद करा, अपर्चर एफ/८ किंवा एफ/११ ठेवा आणि फोकस अंतर वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे ठरवून टाका. सेन्सर लहान असेल तर तेच आकडे चालणार नाहीत, त्या सेन्सरसाठीचे वापरा. एक पूर्ण दिवसाची भटकंती झूम न करता, पडद्याकडे कमीत कमी पाहून करा. संध्याकाळी हात आखडल्यासारखे वाटले, तर काही लाख वाचले असे समजा. आणि झूमची आठवणच आली नाही, तर एखाद्या ओळखीच्याकडून रेंजफाइंडर दोन दिवस मागून पाहायला हरकत नाही. फक्त फोटो काढण्याआधी लेन्सचे झाकण काढलेले आहे ना, ते बघा.