धूम्रनलिका, चिलीम व विडी : नागभीडच्या वनप्रदेशातील इतिहास

तंबाखू जाळून तिचा धूर तोंडाने ओढण्याच्या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील साधन टिकाऊ असते व त्यात केवळ तंबाखू जळते. युरोपीय धूम्रनलिका म्हणजे पाईप, तसेच चिलीम, हुक्का व गुडगुडी ही या वर्गातील साधने होत. दुसऱ्या वर्गात तंबाखूबरोबर तिचे वेष्टनही जळून जाते. चिरूट, सिगारेट व विडी यांचा त्यात समावेश होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड व त्याच्या भोवतीचा झाडीपट्टीचा प्रदेश यांचा धूम्रपानाच्या इतिहासाशी असलेला संबंध मुख्यत्वे दुसऱ्या वर्गाशी आहे. विडीची तंबाखू गुजरातेतून व निपाणीकडून येई. तिचे वेष्टन मात्र या अरण्याने पुरविले. म्हणून येथील धूम्रपानाचा इतिहास हा बव्हंशी एका पानाचा इतिहास ठरतो.

तंबाखूचे आगमन : तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. सोळाव्या शतकात ती स्पॅनिश व पोर्तुगीज दर्यावर्दींमार्फत यूरोपात पोहोचली. लिस्बन येथील फ्रेंच राजदूत झां नीको याने ती १५६० च्या सुमारास फ्रान्सच्या राजदरबारी पाठविली व त्याच्याच नावावरून तिच्या प्रजातीस ‘निकोटियाना’ हे नाव मिळाले. भारतात तिचा प्रवेश पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर दख्खनच्या किनाऱ्यावरून झाला. अकबराचा सेवक असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतताना तंबाखू घेऊन आला व सु. १६०५ मध्ये त्याने ती बादशहापुढे ठेवली. त्याने लिहिलेल्या वृत्तांतात सुमारे तीन हात लांबीच्या रत्नजडित नळीचे वर्णन आहे. अकबराने एकदोन झुरके घेतले, तेव्हा हकिमांनी हरकत घेतली. परंतु दरबारी सरदारांत ही सवय लवकरच पसरली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूच्या निषेधार्थ पुस्तिका प्रसिद्ध केली, तर जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूस मनाई केली. दोन्ही प्रयत्न निष्फळ ठरले. उत्तर भारतात तंबाखूचा प्रसार दख्खनमधून झाला, ही बाब लक्षणीय होय.

पाईपची व तंबाखूची निवड : यूरोपात आरंभी पांढऱ्या मातीचे पाईप रूढ होते. हॉलंडमधील गौडा हे गाव त्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होते. हे पाईप स्वस्त पण ठिसूळ असत व हातास चटकन तापत. पुढे तुर्कस्तानातील एस्किशेहर येथे सापडणाऱ्या मीरशॉम या हलक्या, सच्छिद्र खनिजाचे कोरीव पाईप धनिकवर्गात आवडते झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सेंट क्लोद या गावी ब्रायर वृक्षाच्या (शा. नाव एरिका आर्बोरिया) मुळाजवळील गाठीपासून पाईप बनू लागले. ही गाठ बराच वेळ उकळून व महिनोन्‌महिने वाळवून घडवितात. तिचे लाकूड उष्णता सहन करते, ओलावा शोषते व सहजी जळत नाही. त्यामुळे ब्रायरचा पाईप हाच जगभर मानदंड ठरला. अमेरिकेत मिसूरी राज्यात मक्याच्या कणसाच्या बुरखुंडापासून केलेले स्वस्त पाईपही लोकप्रिय झाले.

पाईप हा छंद म्हणून जोपासणारे लोक निवडताना वाटीच्या भिंतीची जाडी, लाकडाचे रेषांकन, नळीचे छिद्र वाटीच्या तळाशी नेमके उघडते की नाही व हातातील वजन या गोष्टी पाहतात. भिंत पातळ असल्यास पाईप तापतो. छिद्र वर असल्यास तळाची तंबाखू ओली राहून जळत नाही. तंबाखूंत गोडसर व्हर्जिनिया, कोरडी व भारी बर्ली, धुरावर मुरविलेली सिरिया व सायप्रसकडील लताकिया आणि लुइझिॲनात दाबून आंबविलेली पेरीक हे प्रमुख प्रकार होत. त्यांच्या मिश्रणांतून निरनिराळे स्वाद साधले जातात. तंबाखू फार ओली असल्यास जीभ भाजते व फार कोरडी असल्यास ती झपाट्याने जळून तिखट लागते. वाटी भरताना तळाशी सैल व वर किंचित घट्ट भरावी आणि सावकाश ओढावे, असा संकेत आहे. भारतात हा छंद मुख्यतः इंग्रज अधिकारी व त्यांचे अनुकरण करणारा शिक्षित वर्ग यांच्यापुरता मर्यादित राहिला. ब्रिटिश अमदानीतील वनाधिकाऱ्यांच्या तंबूत ब्रायरचा पाईप असे; त्याच वेळी तंबूबाहेरच्या शेकोटीभोवती चिलीम फिरत असे.

चिलीम व पानाची नळी : चिलीम ही कुंभाराने घडविलेली, वर रुंद व खाली निमुळती होत गेलेली मातीची नळी. तिच्या तळाशी लहानसा खडा ठेवून त्यावर तंबाखू भरतात व वर निखारा ठेवतात. खालच्या टोकास ओल्या फडक्याची छापी गुंडाळून मुठीतून धूर ओढतात. छापीमुळे धूर काहीसा थंड होतो व तंबाखूचा चुरा तोंडात येत नाही. एकच चिलीम अनेकांच्या हातून फिरत असल्याने ती ग्रामीण बैठकीचे व स्नेहाचे चिन्ह बनली. तसेच ती कोणाबरोबर ओढावी व कोणाबरोबर ओढू नये यांत जातिनिर्बंधही प्रकट होत. विदर्भात शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात विस्तवावाचून चिलीम पेटल्याची आख्यायिका सांगितली जाते. तीवरून या साधनाचे लोकजीवनातील स्थान लक्षात येते.

अरण्यात फिरणाऱ्या माणसास मातीची चिलीमही अवजड व फुटकी वाटे. मध्य भारतातील वनवासी समाजांत म्हणून हिरवे पान शंकूच्या आकारात गुंडाळून, त्याच्या रुंद तोंडात तंबाखू भरून ओढण्याची पद्धत रूढ झाली. छत्तीसगढी मुलखात तीस ‘चोंगी’ म्हणतात. ही नळी वाटेत कोठेही दोन क्षणांत तयार होते व ओढून झाल्यावर टाकून देता येते. येथे पाईपची निवड म्हणजे पानाची निवड होय. पान कोवळे पण रसरशीत नको, रुंद पण जाड नको, शिरा ठळक नकोत आणि दुमडताना तडकता कामा नये. ब्रायरच्या गाठीची पारख करणाऱ्या कारागिराच्या कसोट्यांपेक्षा या कसोट्या कमी काटेकोर नव्हत्या. तंबाखूच्या उत्पत्तीविषयी मध्य भारतातील आदिवासींत एक कथा आढळते : कुरूप म्हणून कोणीही न वरलेली एक मुलगी मृत्यूनंतर तंबाखूचे रोप झाली, आणि जिवंतपणी जिला कोणी जवळ केले नाही, ती आता सर्वांच्या ओठी असते.

विडीचा उदय : तंबाखूचा चुरा पानात वळून दोऱ्याने बांधण्याची कला एकोणिसाव्या शतकात गुजरातेत रूढ झाली. तेथे त्यासाठी प्रामुख्याने आपट्याची पाने वापरीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतील अनेक कुटुंबे मध्य प्रांताकडे आली व त्यांपैकी काहींनी विडीचा धंदा सुरू केला. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरच्या परिसरात तेंदूचे पान विडीस सर्वांत योग्य असल्याचे ध्यानात आले. ते मऊ, लवचीक, वाळल्यावरही न चुरगळणारे व स्वतः फारसा वास नसलेले असते. स्वदेशी चळवळीत विलायती सिगारेटला पर्याय म्हणून विडीस चालना मिळाली. गोंदिया, भंडारा व कामठी ही विदर्भातील विडीची प्रमुख केंद्रे बनली. भांडवल कमी, यंत्राची गरज नाही आणि घरबसल्या काम, यांमुळे हा धंदा खेड्यापाड्यांत पसरला. सट्टेदार पाने व तंबाखू मोजून देई आणि तयार विड्या मोजून घेई. त्यांतील ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी वळणाऱ्यास मिळत नसे. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींविषयीचा कायदा १९६६ मध्ये व कल्याणनिधीचा कायदा १९७६ मध्ये झाला.

नागभीड व तेंदूपत्ता : तेंदू किंवा टेंभुर्णी (शा. नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन; कुल एबेनेसी) हा नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही व चिमूर या भागांतील पानझडी वनांत विपुल आढळणारा वृक्ष आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेचे अरुंद मापी मार्ग या प्रदेशातून गेले व गोंदिया-चांदा आणि नागपूर या दोन मार्गांच्या संगमावर नागभीड हे जंक्शन बनले. दूर अंतरावरचे विडीचे बाजार त्यामुळे वनाच्या जवळ आले. गोंदियाचा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंदमापी झाला, तर नागपूर-नागभीड ही अरुंदमापी गाडी २०१९ मध्ये मार्ग रुंदावण्यासाठी बंद करण्यात आली.

पानतोडीचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चालतो. तत्पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी करतात. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने येणारी नवी पाने विडीस उत्तम असतात. कुटुंबातील माणसे पहाटे वनात शिरतात, दुपारपर्यंत पाने आणतात व सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने व एका प्रमाण गोणीत १,००० पुडे, म्हणजे ७०,००० पाने असतात. पुडे फडावर मोजून दिले जातात, उन्हात वाळवून पाणी शिंपडतात व गोणीत भरतात. अवकाळी पाऊस पडल्यास पानावर डाग पडून संपूर्ण फड वाया जाऊ शकतो. पेरणीपूर्वीच्या या रोख मजुरीवर बियाणे, लग्नकार्य व सावकाराचे देणे अवलंबून असते.

महाराष्ट्र वनउपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियम, १९६९ अन्वये तेंदूपानाच्या व्यापाराचे नियमन शासनाकडे आले व संकलनाच्या घटकांचे लिलाव होऊ लागले. पान तोडणारा मात्र मजूरच राहिला. वनहक्क अधिनियम, २००६ याने तेंदूपान हे गौण वनोपज म्हणून स्पष्टपणे नमूद करून त्यावरील ग्रामसमूहाची मालकी मान्य केली. २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी स्वतः पानांची विक्री करण्यास आरंभ केला. ज्या पानाचा भाव पूर्वी इतरत्र ठरत असे, तो ठरविण्यात गावाचा आवाज प्रथमच मिसळला.

हानी व पर्याय : विडीत सिगारेटहून कमी तंबाखू असली, तरी तिचे वेष्टन फारसे सच्छिद्र नसल्याने व ती विझू नये म्हणून वरचेवर व खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तिच्या धुरातून शरीरात जाणारे डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी नसतात. पाईप ओढणाऱ्यांतही ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चिलमीसही तोच न्याय लागू पडतो. या परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी व्यसनांविरुद्ध सातत्याने प्रबोधन केले. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखू यांविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान राबविण्यात आले. चिलीम मागे पडली असली, तरी सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला ‘खर्रा’ विदर्भात सर्वत्र रूढ झाला आहे. म्हणजे नळी गेली, तंबाखू राहिली.

पानाची किंमत आरोग्याखेरीज अन्य मार्गांनीही मोजावी लागते. चांगली पालवी फुटावी म्हणून झुडपे तोडली जातात व काही वेळा वनास आगी लावल्या जातात. ब्रह्मपुरी वनविभागात व लगतच्या अरण्यांत वाघांची संख्या मोठी आहे आणि हंगामात पहाटे वाकून पाने तोडणारी माणसे त्यांच्या हल्ल्यास बळी पडतात. मे २०२५ मध्ये नागभीडलगतच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या.

या पार्श्वभूमीवर चंद्रपूर जिल्ह्याच्याच दक्षिणेकडील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या लहान गावाचा निर्णय उल्लेखनीय आहे. गावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून उत्पन्नाचा मार्ग खुला झाल्यावर ग्रामसभेने तेंदूपानांची तोड थांबविली. पानतोडीसाठी झाडांची छाटणी होते व आगी लागतात, आणि त्या पानात जे भरले जाते ते माणसास घातक असते, अशी दोन कारणे त्यामागे होती. पाने न तोडल्यामुळे झाडे वाढून टेंभराची फळे पुन्हा मुबलक मिळू लागली; ती माणसे, पक्षी व वन्य पशू खातात. सर्वच गावांना हा मार्ग परवडण्याजोगा नाही, कारण जेथे बांबू नाही तेथे उन्हाळ्यातील रोख उत्पन्नास दुसरा आधार नसतो. तथापि शंभराहून अधिक वर्षे बाहेरच्या बाजाराने ज्या पानाकडे विडीचे वेष्टन म्हणूनच पाहिले, त्याचे काय करावयाचे हे त्या वनात राहणाऱ्यांनी स्वतः ठरविले, हे या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय.