चित्रामागचा दिवा

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवाचे खेळ लोकांपुढें मांडले. शांबरी म्हणजे मायाविद्या. नांव मोठें समर्पक! कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें धरावयाचीं, भिंगांतून पडद्यावर मोठीं करावयाचीं, आणि एकाच आकृतीच्या निरनिराळ्या ढबी झरझर पालटून ती हालत असल्याचा भास करावयाचा, असा तो प्रकार. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें आलीं तीं त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजीं. अशा जादूच्या कंदिलांत दिवा व कांच यांमध्यें एक जाड भिंग असे. उजेड चित्रावर सर्वत्र सारखा पडावा, एवढेंच त्याचें काम.

तोच प्रश्न आजही सुटलेला नाहीं. अंतरवाली सराटीसारख्या जालना जिल्ह्यांतील गांवींही जे चपटे पडदे दिसतात, त्यांतील पुष्कळांत द्रव-स्फटिकांचा थर असतो. तो स्वतः प्रकाशत नाहीं. उजेड कमीजास्त सोडणारी ती एक झडप आहे. दिवा मागें असतो. पूर्वीं बारीक नळ्या असत, हल्लीं एल्. ई. डी. असतात. आणि उधळपट्टी केवढी! पांढऱ्या उजेडांतून लाल, हिरवा, निळा गाळतांना सुमारें दोन तृतीयांश वायां जातो, एका दिशेनें कंपणारे किरण निवडतांना निम्मा. डोळ्यांपर्यंत बहुधा दहावा भागही पोंचत नाहीं.

थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं पहिला लेसर चालविला. लेसरचा उजेड एकाच शुद्ध रंगाचा, आणि एकाच दिशेनें कंपणाराही मिळवितां येतो; मग गाळावयाचें कारण फारसें उरत नाहीं. परंतु ही सुईसारखी शलाका पडदाभर पसरावी कशी? येथें डेनिस गॅबर यांनीं १९४७ सालीं योजिलेला होलोग्राम कामास येतो. त्यांचा हेतु सूक्ष्मदर्शक सुधारण्याचा होता, पडद्याचा नव्हे. कांचेच्या कडेंतून शलाका आंत सोडावी. कांचेवरील होलोग्रामच्या अतिसूक्ष्म रेघा तिला थोडीथोडी वळवून समोर पाठवितात, आणि प्रत्येक रंग ज्याच्या त्याच्या ठिपक्याकडे लावून देतात. पटवर्धनांच्या काळच्या त्या जाड भिंगाचें काम कागदासारखा पातळ थर करूं लागतो!

अडचण आहे ती लेसरच्याच गुणामुळें. त्याच्या लाटा इतक्या शिस्तीच्या, कीं चित्रावर वाळू शिंपल्यासारखे चमचमते कण दिसतात, आणि ते घालविण्यासाठीं ती शिस्त मुद्दाम बिघडवावी लागते. मित्सुबिशीनें २००८ सालीं लेसरवर चालणारा दूरदर्शनसंच विक्रीस काढला. पण तो पेटीसारखा जाड होता. होलोग्रामच्या पातळ दिव्याचे नमुने प्रयोगशाळांतून झाले आहेत; बाजारांतील बहुतेक पडद्यांमागें मात्र अद्याप एल्. ई. डी. च जळत आहे.