गणिताचं पुस्तक घेताना एक पान उघडून बघा

जून आला की ओळखीतले पालक मला हमखास विचारतात, "पोराला शाळेच्या पुस्तकाशिवाय गणिताचं अजून कुठलं घेऊ?" दुकानात ढीग असतो. त्यात पावकी-निमकी छापलेली अंकलिपी दिसली की आजोबा तीच उचलतात. "आमच्या वेळी हे तोंडपाठ होतं!"

होतं, खरंय. पण का होतं?

तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. मणाचे ४० शेर. सगळा बाजारच पाव-अर्ध्यावर चालायचा. शेराला १० आणे भाव आणि माल अडीच शेर, तर अडीचकी पाठ असलेलं पोर चटकन २५ आणे सांगायचं, म्हणजे १ रुपया ९ आणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे त्या काळचं कॅल्क्युलेटर होतं. पोरं हुशार होती म्हणून नाही, बाजाराला गरज होती म्हणून ते पाठ व्हायचं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर जाऊन किलो आला. त्या पाढ्यांखालची जमीनच सरकली. अर्धा, पाव, पाऊण समजणं आजही हवंच. पण अख्खी औटकी घोकून सातवर्षाच्या पोराला काय मिळणार?

दुसरी गोष्ट २०१९ ची. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत विषय गेला, विनोद तर विचारूच नका. गणित समितीच्या मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की हे मुलांच्या सोयीसाठी आहे. मुद्दा साधा होता. आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच बोलतो, लिहिताना आधी दोन लिहितो. मग पोर ५२ लिहून बसतं आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. कानडी, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे हा घोळच नाही. पद्धत पटो न पटो, अडचण खरी होती. आपण मात्र अस्मितेवर भांडलो, पोराची वही कुणी बघितलीच नाही.

म्हणून माझं सांगणं इतकंच. आधी बालभारतीचं पुस्तक नीट वापरा. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत ते फुकट मिळतं. वरचं घ्यायचंच असेल तर दुकानात उभ्या उभ्या हातच्याच्या वजाबाकीचं पान उघडा. ५२ मधून २७ घालवताना एक दशक सोडून त्याचे १० सुटे केले, हे काड्यांच्या गठ्ठ्यानं दाखवलंय का? असेल तर घ्या. नुसतं 'शेजाऱ्याकडून एक घ्या' लिहून खाली पन्नास उदाहरणं असतील, तर परत ठेवा, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो.

तुमच्या घरी कुठलं पुस्तक आहे? ते पान बघून सांगा.