‘१९४६’चे पाठ : एका विमानखेळातील मूळ आणि प्रक्षेप

मॉस्को येथील मॅडॉक्स गेम्स या संस्थेने ओलेग मॅडॉक्स यांच्या नेतृत्वाखाली रचलेला ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ हा हवाई युद्धाचा संगणकीय खेळ २००१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धातील एका सोव्हिएत विमानावरून त्याचे नाव पडले होते. नव्या भागांची भर पडत जाऊन २००६ च्या अखेरीस ‘१९४६’ ही एकत्रित आवृत्ती निघाली, आणि तीत दोनशेहून अधिक विमाने खेळाडूस स्वतः उडविता येऊ लागली. तोवर खेळाचा पाठ एकच होता. ज्यास एखादे नवे विमान हवे असे, त्याने कर्त्यांच्या पुढील आवृत्तीची वाट पाहावी, एवढाच मार्ग होता.

या एकपाठीपणाचे कारण असे की, खेळाची सामग्री एसएफएस नावाच्या बंदिस्त संग्रहांत ठेवलेली असे. २००७ साली हे संग्रह उघडण्याची युक्ती काही हौशी जाणकारांना साधली, आणि नवे ध्वनी, नकाशे व विमाने, म्हणजेच मॉड, यांचा पूर लोटला. विमानाचे वर्तन ठरविणारा भागही आता कोणासही बदलता येण्याजोगा झाला. वादास येथेच तोंड फुटले. जाळ्यावरून परस्परांशी लढणाऱ्या दोघांचा पाठ एक नसेल, तर जय कौशल्याचा की फेरफाराचा, हे कसे ठरावे? मॉडच्या पुरस्कर्त्यांनी ही शंका पुष्कळदा हसण्यावारी नेली. ती निराधार मात्र नव्हती.

दुसरी अडचण प्रत्येकाच्या घरातली होती. मॉडमधील कित्येक फाइलींची नावे म्हणजे अंक व अक्षरे यांची निरर्थक मालिका असे. त्यांवरून कोणती फाइल कशाची, हे डोळ्यांनी ओळखणे अशक्यच. अशा शेकडो फाइली हाताने चिकटविल्यावर काय बदलले, याचा हिशोब कर्त्यालाही उरत नसे. येथे जेएसजीएमई हा छोटासा कार्यक्रम उपयोगी पडला. तो मुळात कोणत्याही एका खेळापुरता नव्हता. प्रत्येक मॉड तो वेगळ्या फोल्डरात ठेवी. मॉड चालू करताना त्याच नावाची जुनी फाइल आढळल्यास तिची प्रत राखून मगच नवी बसवी. आणि मॉड बंद करताच जुनी जागेवर आणी. एका मॉडवर दुसऱ्याने फाइल चढविली असेल, तर वरचा काढल्यावाचून खालचा काढू देत नसे. हस्तलिखितांचे लेखनिक असे कधी वागले नाहीत. समासातील टीप एकदा संहितेत शिरली की, मूळ शब्द कोणता होता हे सांगणारे पुष्कळदा कोणी उरत नाही.

तथापि हा कार्यक्रम फाइली बदलीत असे, जुळवीत नसे. खेळातील सर्व विमानांची यादी ‘एअर.आयएनआय’ या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते आणि प्रत्येक नव्या विमानासाठी तीत एक ओळ वाढवावी लागते. दोन मॉडकारांनी आपापली संपूर्ण यादी दिली की दुसरी पहिलीला पुसून टाकी. ओळ असून विमान नसले, तर खेळ सुरू होतानाच, बहुधा साठ-सत्तर टक्क्यांवर, बंद पडे. दोष शोधावयाचा तो एकेक ओळ तपासून.

यास कंटाळूनच ‘अल्ट्रापॅक’, ‘एचएसएफएक्स’ यांसारखे तयार संच रूढ झाले. त्यांत मॉडांची जुळणी संपादकांनी आधीच केलेली असे, आणि सर्वांकडे एकच संच असला की एकत्र खेळता येई. परंतु एका संचातील खेळाडूस दुसऱ्यात प्रवेश नसे. म्हणजे एका पाठाच्या जागी अनेक शाखा आल्या, आणि प्रत्येक शाखा आपल्यापुरती प्रमाण ठरली. इकडे टीम डायडॅलॉस या स्वयंसेवकांच्या गटाने अधिकृत पाठाची परंपराही चालू ठेवली, त्यांची ४.१० ही आवृत्ती २०१० मध्ये आली. अनेक खेळाडूंनी मग संपूर्ण खेळाच्याच दोन-तीन प्रती संगणकावर ठेवल्या, आणि त्यांतील एकीला कधी हात लावला नाही.