सेनासन : विनयपिटकातील निवासाचे नियम आणि भाड्याची खोली

जो घराचा मालक नाही, त्याचा त्या घरावर काही अधिकार असतो काय? आणि असल्यास त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते? शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात आलेले आपले अनेक तरुण एकेका खोलीचे भाडे वाटून घेऊन राहतात. सोबत्यांशी कसे वागावे आणि घरमालकाशी व्यवहार कसा ठेवावा, हे प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभे असतात. त्याही आधीचा प्रश्न म्हणजे, आडनाव सांगितल्यावर खोली मिळेल काय? विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील 'सेनासनक्खन्धक' हे प्रकरण वाचताना हे तिन्ही प्रश्न तेथे आधीच उपस्थित झालेले आम्हांस दिसतात. 'सेनासन' म्हणजे शयन व आसन, अर्थात निवासस्थान. भिक्खू भाडे देत नव्हता, हा भेद ध्यानात ठेवलाच पाहिजे. परंतु तोही स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या छपराखाली, अनेकांसमवेत आणि काही काळापुरताच राहत होता.

आरंभी भिक्खू अरण्यात, वृक्षातळी आणि गिरिकंदरांत राहत असत. राजगहाच्या श्रेष्ठीने तथागतांची अनुमती मिळाल्यावर एका दिवसात साठ विहार उभे केले, असे चुल्लवग्ग सांगतो. हे विहार कोणा एका भिक्खूच्या नावे दिले गेले नाहीत. आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघाला ते अर्पण करण्यात आले. त्यामुळे विहारात राहणारा भिक्खू मालक ठरला नाही आणि कोणाचा आश्रितही ठरला नाही. विहार, त्याची जमीन, मंचक, गाद्या या वस्तू कोणास देऊन टाकण्याचा अधिकार प्रत्यक्ष संघालाही नव्हता.

मग अशा सामाईक निवासात जागा कोणी प्रथम घ्यावी? भगवान बुद्ध सावत्थीकडे जात असताना छब्बग्गिय भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावून सर्व विहार व शय्या आपल्या आचार्यांसाठी अडवून ठेवल्या. मागाहून आलेल्या स्थविर सारिपुत्तांना जागा उरली नाही. त्यांनी ती रात्र एका झाडाखाली बसून काढली. पहाटे हे कळल्यावर भगवंतांनी संघ एकत्र करून विचारले की, अग्रासनाचा मान कोणाला असावा? काहींनी क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याचे नाव घेतले, काहींनी ब्राह्मण कुळातल्याचे, काहींनी गृहपती कुळातल्याचे. भगवंतांनी यांपैकी एकही उत्तर मान्य केले नाही. तित्तिर, वानर आणि हत्ती यांची कथा सांगून त्यांनी ज्येष्ठतेचा नियम घालून दिला. ही ज्येष्ठता उपसंपदेपासून मोजायची होती. निवासाच्या प्रश्नातून कुळ वगळले गेले, आणि तेही कुळांची नावे पुढे आल्यानंतर जाणीवपूर्वक वगळले गेले, ही गोष्ट आम्हांला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसरा प्रसंग भाडेकरूला विशेष जवळचा वाटेल. सत्तरसवग्गिय भिक्खूंनी वर्षावासासाठी दूरच्या एका मोठ्या विहाराची डागडुजी चालविली होती. छब्बग्गिय भिक्खू ते पाहत होते. काम पुरे होईपर्यंत ते थांबले आणि मग तो विहार आपल्याकडे येतो असे सांगून त्यांनी आत राहणाऱ्यांना मानगूट धरून बाहेर काढले. या घटनेवरून रागाच्या भरात भिक्खूला विहारातून हुसकावण्यास पाचित्तिय १७ ने मनाई केली. आधी राहत असलेल्याच्या अंगाशी मुद्दाम बिछाना पसरून, गैरसोय होऊन तो आपणच निघून जाईल असा डाव रचणेही पाचित्तिय १६ प्रमाणे दोष ठरला. तथापि नियम एकतर्फी नाही. निर्लज्ज किंवा सतत कलह माजविणाऱ्या भिक्खूला बाहेर काढल्यास दोष नाही, असेही विनयात स्पष्ट म्हटले आहे. अधिकार आहे, पण तो वर्तनाशी बांधलेला आहे.

याच प्रसंगानंतर निवासवाटपासाठी 'सेनासनग्गाहापक' नेमण्याची अनुज्ञा मिळाली. आसक्ती, द्वेष, भय आणि मोह यांना वश न होणारा आणि कोणती जागा दिली गेली व कोणती रिकामी आहे हे जाणणारा भिक्खूच या कामास पात्र होता. त्याने आधी भिक्खू मोजावेत, मग शय्या मोजाव्यात आणि त्यानंतर वाटप करावे. एकाने दोन ठिकाणी जागा अडवू नये. राजगहात दब्ब मल्लपुत्त हे काम करीत, तेव्हा ते सुत्तांचे पठण करणाऱ्यांना एकत्र ठेवीत, विनयधरांना एकत्र आणि ध्यान करणाऱ्यांना एकत्र ठेवीत, म्हणजे एकाचा दुसऱ्यास उपद्रव होत नसे.

सोबत राहण्याची कर्तव्ये 'वत्तक्खन्धका'त येतात. नव्याने आलेल्याने आपली जागा कोणती, पिण्याचे पाणी कोठे, शौचाची जागा कोठे आणि संघाने येण्याजाण्याच्या वेळेविषयी काय ठरविले आहे, हे विचारून घ्यावे. वडीलधाऱ्या भिक्खूबरोबर एका विहारात राहताना त्याला विचारल्यावाचून मोठ्याने पठण करू नये, दिवा लावू वा मालवू नये, खिडकी उघडू वा लावू नये. सोडून जाताना भांडीकुंडी आवरून, दारेखिडक्या लावून, कोणास तरी सांगून जावे. एका खोलीत राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांची भांडणे आजही दिव्यावरून आणि आवाजावरूनच होतात!

महाराष्ट्रातील लेणी या व्यवस्थेची साक्ष देतात. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे चातुर्दिश संघाला देऊन त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. पैकी २,००० कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते. त्याचे वर्षाचे व्याज २४० होते, म्हणजे वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. हा करार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला, असे लेख सांगतो. निवासासंबंधीचा शब्द केवळ तोंडी राहू नये, ही दक्षता सुमारे १९०० वर्षांपूर्वीची आहे.

जेथे नियम नसतो आणि जात हाच निकष असतो, तेथे काय घडते हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१७ मध्ये बडोद्यात अनुभवले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानाला पैसे देऊनही पारशी नाव नोंदवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले. दोघा मित्रांनीही आसरा दिला नाही. शहरातील बागेत बसून बाबासाहेबांनी अश्रू ढाळले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. त्यांनी सारिपुत्तांसारखीच उघड्यावर वेळ काढली; परंतु सारिपुत्तांसाठी सकाळी नियम झाला, बाबासाहेबांसाठी बडोद्यात कोणी नियम केला नाही.

म्हणून आपल्या तरुणांनी नियमाचा आधार सोडू नये. २००० पासून अंमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घर सुस्थितीत ठेवणे आणि भाड्याची पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूला हैराण करण्यासाठी त्याने पाणी वा वीज तोडू नये. भाडेकरूने वेळेवर भाडे द्यावे, वास्तू जपावी, शेजाऱ्यास उपद्रव देऊ नये. आणि आपल्यापैकी जे आज स्वतः घरमालक झाले आहेत, त्यांनी दारात आलेल्या माणसाला प्रथम कोणता प्रश्न विचारावा, याचा विचार करावा. कुळाचा प्रश्न तथागतांनी त्या पहाटेच बाजूला सारला होता. तो आपल्या उंबरठ्यावर पुन्हा विचारला जाऊ नये.