डेटाबेसवरून चित्रनिर्मिती

डेटाबेसमधल्या प्रत्येक ओळीतला मजकूर आणि छायाचित्र घेऊन, ते आधीच बेतलेल्या साच्यात बसवून, जितक्या ओळी तितक्या प्रतिमा हात न लावता तयार करण्याची पद्धत. ओळखपत्रे, प्रमाणपत्रे, ऑनलाइन दुकानातली वस्तूंची चित्रे, सोडतीचे निकाल, वाढदिवसाच्या शुभेच्छा ही तिची रोजची कामे. माहिती साठवणारा डेटाबेस, साचा उघडून त्यात बदल करणारे चित्रसंपादनाचे साधन आणि एकाकडून घेऊन दुसऱ्याला देणारा मधला फ्लो असे तीन भाग यात येतात. त्यांतला फ्लो हल्ली तासाभरात जोडून होतो. पुढचे दिवस जातात ते साच्यात आणि मजकुरात, मजकूर मराठी असेल तर जरा जास्तच.

डेटाबेस आणि चित्रसंपादन या दोन साधनांची घराणी वेगळी. तक्त्यांचे परस्परसंबंध मांडणाऱ्या डेटाबेसची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचे फोटोशॉप बाजारात आले ते फेब्रुवारी १९९० मध्ये. फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत (१९९६) ‘अ‍ॅक्शन’ आल्या. एकदा करून दाखवलेली कृती त्या शंभर फायलींवर जशीच्या तशी करतात, पण कुठल्या फायलीवर कोणाचे नाव घालायचे हे त्यांना ठाऊक नसते. ती उणीव ‘व्हेरिएबल्स’नी भरून काढली. ही सोय आधी इमेजरेडी या जोडसॉफ्टवेअरमध्ये होती. सीएस२ या आवृत्तीपासून (२००५) ती खुद्द फोटोशॉपमध्ये आली.

व्हेरिएबल तीन प्रकारचे असते : लेयर दाखवायचा की लपवायचा, लेयरमधले चित्र बदलायचे, की मजकूर बदलायचा. डेटाबेसमधून सीएसव्ही फाइल काढायची, तिच्या पहिल्या ओळीत व्हेरिएबलची नावे ठेवायची आणि ती आयात करायची, की प्रत्येक ओळीचा एक डेटा सेट होतो. नावात मोकळी जागा चालत नाही. निर्यात फक्त पीएसडी स्वरूपात होते, त्यामुळे जेपीजी हवी असेल तर शेवटी पुन्हा अ‍ॅक्शनलाच कामाला लावावे लागते. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये याच धर्तीवर डेटा मर्ज आहे. तिथे चित्राच्या स्तंभाच्या नावाआधी ‘अ‍ॅट’चे चिन्ह लागते, आणि एक्सेलला ते चिन्ह सूत्राची सुरुवात वाटत असल्याने त्याच्याही आधी एक अवतरणचिन्ह टाकण्याची युक्ती करावी लागते.

दुसरी वाट खिडकीच न उघडणाऱ्या साधनांची. ड्यूपाँ कंपनीत काम करताना जॉन क्रिस्टी यांनी लिहिलेले इमेजमॅजिक १९९० मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यातून २००२ मध्ये ग्राफिक्समॅजिक फुटून निघाले. आकार बदल, कडा काप, दोन चित्रे एकावर एक ठेव, अक्षरे लिही, हे सारे या साधनांना एका ओळीच्या आज्ञेने सांगता येते. माऊस लागत नसल्याने फ्लोमध्ये ती सहज सामावतात. झेपियर (२०११), इंटिग्रोमॅट (२०२२ पासून नाव मेक) आणि बर्लिनमध्ये सुरू झालेले एनएटएन (२०१९) ही फ्लो जोडण्याची प्रसिद्ध साधने. एनएटएनमधला चित्रसंपादनाचा खण आतून ग्राफिक्समॅजिकच वापरतो. अडोबीनेही फोटोशॉपची कामे दुरून करून देणारी सेवा काढली आहे. पीएसडी फाइलचा दुवा आणि कोणत्या लेयरमध्ये काय बदलायचे याची यादी तिला पाठवायची; उत्तर लगेच मिळत नाही, मिळतो तो एक टोकन क्रमांकासारखा दुवा, आणि काम झाले का हे त्यावर पुन्हा पुन्हा विचारावे लागते.

फ्लोची सुरुवात दोन रीतींनी होते. एक, ठरावीक वेळाने डेटाबेसमध्ये डोकावून नवीन ओळी उचलणे. दोन, ओळ पडताक्षणी डेटाबेसने स्वतः हाक देणे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अशा हाकेसोबत नेहमीच्या मांडणीत ८,००० बाइटांपेक्षा कमीच मजकूर जातो, म्हणून चित्र न पाठवता ओळीचा क्रमांक पाठवतात आणि बाकीचे फ्लोने जाऊन आणायचे. चित्रे तक्त्यात कोंबण्यापेक्षा फाइलसाठ्यात ठेवून तक्त्यात फक्त त्यांचा पत्ता ठेवलेला बरा. प्रत्येक ओळीला स्थितीचा एक स्तंभ हवाच : प्रलंबित, चालू, पूर्ण, फसले. तो नसला की मध्येच वीज गेल्यावर कुठवर आलो होतो हे सांगणारे कोणी उरत नाही आणि सगळा गठ्ठा पुन्हा छापला जातो. एकाच रांगेवर दोन यंत्रे लावली तर दोघांनी एकच ओळ उचलू नये यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.५ आवृत्तीपासून (२०१६) ‘स्किप लॉक्ड’ आहे; दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून यंत्र पुढची घेते.

शाळेच्या ओळखपत्राचेच उदाहरण घेऊ. खिशातल्या बँक कार्डाएवढे कार्ड ८५.६ × ५३.९८ मिलिमीटरचे असते. ३०० डीपीआयला ते साधारण १०११ × ६३८ पिक्सेल भरते. कार्यालयातून यादी एक्सेलमध्ये येते. तेवढ्यात हजेरी क्रमांक ००७ चा ७ झालेला असतो आणि तुकडीच्या रकान्यातले ‘३-४’ हे एप्रिलमधली तारीख होऊन बसलेले असते. पालकांनी फोनवर काढलेले फोटो फोनमध्ये उभे दिसतात, फ्लोमध्ये आडवे होतात. कारण फोटो कुठल्या बाजूने धरायचा ही नोंद फाइलच्या पोटात वेगळी असते आणि ती वाचायला यंत्राला मुद्दाम सांगावे लागते. नावाच्या चौकटीची गंमत निराळीच. फोटोशॉपमध्ये चौकट आखून लिहिलेला मजकूर लांबला तर बाहेरचा भाग गुपचूप नाहीसा होतो. पडद्यावर कोपऱ्यात बारीकसे अधिक चिन्ह दिसते, निर्यात केलेल्या चित्रात तेही नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव असे चार पदांचे लिहायचे आहे. ही मुले शाळेत येतील तेव्हा आजचे बरेच साचे तोकडे पडतील.

देवनागरीचा घोळ तीन थरांचा आहे. पहिला थर साठवणीचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते; जुन्या लॅटिन मांडणीच्या स्तंभात ते घातले की प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि मूळ मजकूर परत येत नाही. दुसरा थर फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टांत मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. त्या काळातला साचा आणि आजचा युनिकोड मजकूर एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये रूपांतर करावेच लागते. तिसरा थर जुळणीचा. ‘वि’मध्ये वेलांटी साठवली जाते ‘व’नंतर, काढली जाते आधी. हे करणारी लायब्ररी साधनाला जोडलेली नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरे सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. इमेजमॅजिकला त्यासाठी राक्म किंवा पँगो जोडलेले लागते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत जागतिक लिप्यांसाठीचे मजकूर-इंजिन निवडलेले लागे, आणि साचा ज्याने केला त्याने ते निवडले होते का, हे साच्याकडे पाहून कळत नाही.

खास मराठी दुखणे ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचे. हा रफार नसलेला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच. डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळी गावे. एका रीतीने टाइप केलेल्याचा शोध दुसऱ्या रीतीने घेतला तर ओळ सापडत नाही आणि मुलाचे कार्डच निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे फ्लोमध्ये कोणीतरी ‘अदृश्य चिन्हे साफ करा’ अशी सद्हेतूने पायरी घातलेली असते. ती जोडचिन्ह खाऊन टाकते आणि छापील कार्डावर ‘कर्हाड’ उमटते. त्रुटीची नोंद कुठेच होत नाही, कारण यंत्राच्या लेखी काहीच बिघडलेले नसते.

बाहेरच्यांकडून चित्रे घेणाऱ्या फ्लोला सुरक्षेचाही प्रश्न येतो. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधली ‘इमेजट्रॅजिक’ ही फट उघड झाली. चित्राच्या नावाखाली विशिष्ट मजकुराची फाइल चढवली की सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. तेव्हापासून स्वीकारायचे फाइलप्रकार मोजके ठेवणे, फाइलच्या नावाऐवजी तिचे सुरुवातीचे बाइट तपासणे आणि रुंदी-उंचीवर मर्यादा घालणे हे शिस्तीचा भाग मानले जाते.

हाताने कार्डे करणारा ऑपरेटर मोडलेली वेलांटी पाहून थांबायचा. फ्लोमध्ये ते थांबणे मुद्दाम घडवावे लागते. छपाईआधी इमेजमॅजिकच्या ‘माँटाज’ आज्ञेने तीस-तीस कार्डांचे एकेक पान करून कोणाच्या तरी डोळ्यांखालून घालवतात. पाने हजेरीच्या क्रमाने न लावता नावाच्या लांबीच्या उतरत्या क्रमाने लावली तर चौकटीबाहेर गेलेली नावे पहिल्याच पानांवर येतात. चाचणीच्या ओळींत ‘वऱ्हाडपांडे’ एकदा या रीतीने आणि एकदा त्या रीतीने टाइप करून ठेवलेले असते.